जुन्या कागदांतील निशाणी व माणसाची ओळख

गडचिरोली जिल्ह्यांत वैनगंगेच्या कांठीं मार्कंडा येथें जो देवालयांचा समूह आहे, त्यांत एका यात्रिकानें आपलें नांव कोरून ठेविलें आहे. लेख अगदीं त्रोटक आहे. मगरध्वज जोगी, आणि त्यापुढें ७०० हा आंकडा, एवढेंच. हेंच नांव व हाच आंकडा जुन्या मध्यप्रांतांतील इतरहि अनेक प्राचीन देवालयांवर आढळून आला आहे. आंकडा सालाचा मानावा, तर एकाच सालीं एका जोग्यानें इतकी भ्रमंती करून ठिकठिकाणीं टांकी कशी चालविली, हा प्रश्न उभा राहतो. तो बरोबरच्या शिष्यांचा मानावा, तर सातशें माणसांच्या जमावांत सबंध वाटेवर एकहि माणूस वाढला नाहीं कीं घटला नाहीं, असें धरावें लागतें. नांव आहे, आंकडा आहे, स्थळ आहे. माणूस मात्र हातीं लागत नाहीं.

प्रस्तुत लेखाचा विषय हा जोगी नव्हे. जुन्या लेखांतून व कागदांतून माणूस ओळखावयाचा तो कशावरून, आणि आपण संग्राहक लोक ज्या खुणांच्या मागें लागतों त्या खुणा एकट्या कितपत बोलतात, हें थोडें तपासून पाहावें असा आमचा हेतु आहे. सावली येथें राहून गेलीं कित्येक वर्षें आम्ही आसपासच्या गांवांतील मोडी कागद पाहत आलों आहोंत. हें गांव वैनगंगेच्या पश्चिमेस मूल-गडचिरोली रस्त्यावर आहे. १९३६ सालीं येथें गांधी सेवा संघाचें अधिवेशन भरलें होतें व त्या निमित्तानें महात्माजींचें वास्तव्य झालें, म्हणून त्याचें नांव बाहेर थोडेंबहुत ठाऊक आहे. येथील कागद राजकारणाचे नव्हेत. शेत, बोडी, तलावाचें पाणी, बैल आणि कर्ज यांचे आहेत. परंतु ओळखीचा प्रश्न राजपत्रांपेक्षां अशाच कागदांत अधिक अडतो, कारण त्यांतील माणसें दुसरीकडे कोठेंहि भेटत नाहींत.

प्रथम शब्दांविषयीं. ओळखणें या क्रियापदाचें मूळ लक्ष् धातूंत आहे. त्यास लागलेला उपसर्ग अव मानावा कीं उप, याविषयीं वाद होऊं शकेल. आमचा कल उप याकडे आहे, आणि त्याचें कारण व्याकरणापेक्षां शास्त्रांतील एका दृष्टांतांत आहे. देवदत्ताचें घर कोणतें असें विचारिलें असतां, ज्यावर कावळा बसला आहे तें, असें कोणी उत्तर देतो. कावळा हा घराचा भाग नव्हे. तो क्षणांत उडून जातो. तथापि घर ओळखिलें तें ओळखिलें. अशा बाहेरच्या, तात्पुरत्या खुणेस शास्त्रकार उपलक्षण म्हणतात, आणि वस्तूशीं नित्य जोडलेल्या धर्मापासून तिला वेगळें काढतात. दृष्टांतांतील एक गोष्ट मात्र सहसा कोणी बोलून दाखवीत नाहीं. कावळा उडाल्यावरहि घर सांपडतें, तें त्या वेळीं कोणी तरी जवळ उभें राहून बोट दाखविलें म्हणून. बोट दाखविणारा नसेल, तर गांवांत कावळे पुष्कळ आणि घरेंहि पुष्कळ.

अभिज्ञान हा दुसरा शब्द. कालिदासाच्या नाटकानें तो सर्वांच्या तोंडीं बसविला आणि त्यामुळें अभिज्ञान म्हणजे खुणेची अंगठी, असा समज रूढ झाला. वस्तुतः अभिज्ञा म्हणजे स्मरण. पाणिनीनें हा शब्द स्मरणार्थी धरून तिसऱ्या अध्यायांत त्याकरितां एक सूत्रच केलें आहे. अंगठी ही स्मरण जागें करणारी वस्तु. धीवराच्या हातीं ती होती तोंवर ती केवळ सोनें होती, आणि ज्यास पूर्वस्मरण आहे अशा राजाच्या हातीं पडतांच ती अभिज्ञान झाली. रामायणांत हनुमंतानें नेलेली मुद्रिका व सीतेनें परत पाठविलेला चूडामणि यांचेंहि तसेंच. वेदान्ती ज्यास प्रत्यभिज्ञा म्हणतात, म्हणजे "तोच हा देवदत्त" असें ज्ञान, त्यांतहि पूर्वीं पाहिलेला व आतां दिसणारा अशा दोहोंची गांठ घालणारा द्रष्टा लागतो. सारांश, संस्कृतांत काय किंवा मराठींत काय, ओळख ही वस्तूच्या अंगावर नसते. ती दोघांच्या मध्यें असते. म्हणूनच आपण ओळख "देतों", "पटवितों", "ठेवितों" आणि "विसरतों".

ताम्रपटांत माणूस ओळखविण्याची रीत ठराविक आहे: नांव, गोत्र, वेदशाखा, मूळ गांव. वाकाटक द्वितीय प्रवरसेनाच्या अठराव्या राज्यवर्षांतील चम्मक ताम्रपटांत एक हजार ब्राह्मणांस गांव दिल्याचें म्हटलें आहे, आणि नांवें मात्र एकूणपन्नासांचीं आहेत. बाकीचे नऊशें एक्कावन केवळ संख्येनें उरले. पत्र्यावर जागा पुरली नाहीं असें म्हणावें, तर शासनकर्त्यानें इतर मजकुरास जागा काढलीच आहे. त्या एकूणपन्नासांस ओळखणारा कोणी तरी लेखकाजवळ बसला होता, एवढा तर्क आम्ही करतों. याहून अधिक करीत नाहीं.

आतां आमच्या मुख्य साहित्याकडे, म्हणजे मोडी कागदांकडे वळूं. ज्यास लिहितां येई तो शेवटीं दस्तुरखुद्द लिही. ज्यास येत नसे त्याची निशाणी काढीत. कुणब्याचा नांगर, सुताराची वांकस, न्हाव्याचा आरसा, वाण्याची तागडी, आणि स्त्रियांची बांगडी. या निशाण्यांचें संग्राहकांस मोठें आकर्षण वाटतें, आणि तें साहजिक आहे. चार-दोन रेघांत काढलेला नांगर पाहिला म्हणजे काढणाराच्या हाताचा थरकांपसुद्धां कागदावर उतरलेला दिसतो. परंतु नांगर ही अमक्या माणसाची खूण नव्हे, ती त्याच्या धंद्याची खूण आहे. एका गांवीं पन्नास नांगरधारी असत, आणि बांगडी तर सर्वच बायकांची एक. मग त्या निशाणीनें ओळख कशी होई? ती निशाणीनें होतच नसे. निशाणीच्या दोहों बाजूंस नांव, वल्द म्हणून बापाचें नांव, जात व साकीन मौजा हीं लिहिलेलीं असत, आणि त्याखालीं दस्तुर किंवा बिकलम अमुक म्हणून ज्यानें त्याच्यावतीं लेखणी धरिली त्याचें नांव येई. हा बिकलमवाला त्यास ओळखी. शेजारीं गोही-साक्षी असत, ते दोघांसहि ओळखीत. नांगर हा कावळा. बोट दाखविणारे हे.

सही या शब्दाकडेहि या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. मूळचा हा अरबी शब्द, अर्थ "बरोबर, खरें" असा. सही करणारा स्वतःचें नांव मिरवीत नसे. वरील मजकूर खरा आहे असें म्हणत असे. पुढें हाच शब्द नांवाच्या लपेटीस लागला आणि आज तर आपण मजकूर न वाचतां सह्या करतों. राजमुद्रांचीहि व्यवस्था अशीच होती. पत्राच्या आरंभीं शिक्का आणि शेवटीं मोर्तब. मोर्तब हें लेखनाची मर्यादा दाखवी, म्हणजे येथें मजकूर संपला, यापुढील लेखन मूळचें नव्हे. मोर्तबाचा ठसा कापून वेगळा ठेवणें म्हणजे शेताचा धुरा उपटून घरीं आणणें होय.

हें आम्ही दुसऱ्यांस सांगत नाहीं. हा दोष आमचाच आहे. सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं, शिक्षकाच्या नोकरीस नवे लागलों असतां, एका प्रदर्शनाकरितां आम्हीं निरनिराळ्या कागदांवरील त्रेचाळीस निशाण्या कातरीनें कापून एका वहींत डकविल्या. खालीं सुवाच्य अक्षरांत "नांगर", "वांकस", "बांगडी" असें लिहिलें. प्रदर्शनांत वहीची वाहवा झाली. भोकें पडलेल्या कागदांपैकीं कांहीं आम्हीं ठेविले; कांहीं अगदींच जाळीदार झाले होते ते बंबांत गेले. निशाणी नांवाच्या मधोमध काढलेली असल्यामुळें कातर चालवितांना नांवाचीं अक्षरेंहि दोहोंकडून कापलीं गेलीं होतीं, हें त्या वेळीं डोळ्यांस दिसलें आणि मनास लागलें नाहीं.

जे कागद उरले त्यांच्या वाचनांतहि आमची एकदां फजिती झाली. बोडीच्या पाण्याच्या वांटणीचा एक करारनामा होता. त्यावर एकच नांव दोनदां आलेलें, दोन्ही ठिकाणीं नांगर, बापाच्या नांवावर कसर लागलेली. एकाच असामीनें चुकून दोनदां निशाणी केली, अशी टीप आम्हीं ठोकून दिली. पुढें त्याच गांवच्या एका वृद्ध शेतकऱ्यास तो कागद वाचून दाखविला असतां तो म्हणाला, "मास्तर, हे दोन गडी आहेत. एकाच्या खालीं वरल्या टोल्यावरच्यानें लिहिलें, दुसऱ्याच्या खालीं खालल्या टोल्यावरच्यानें. एका गड्यासाठीं दोन लिहिणारे कशाला येतील?" स्वतः त्यास अक्षर ओळख नव्हती. आमच्या लक्ष्यांत निशाणी आली होती आणि बिकलम सुटलें होतें.

लष्करी दप्तरांत याहून काटेकोर रीत होती. अल्लाउद्दीन खिलजीनें व नंतर अकबरानें घोड्यांस डाग देण्याची व स्वारांचे चेहरे लिहून ठेवण्याची पद्धत चालविली, आणि मराठी राज्यांतहि चेहरे लिहीत. चेहऱ्यांत रंग, उंची, तीळ, वण यांची नोंद असे. हेतु एवढाच कीं पगाराच्या दिवशीं दुसराच माणूस किंवा दुसराच घोडा उभा राहूं नये. देहाच्या खुणांवर माणूस ओळखण्याच्या या रीतीची कठीण परीक्षा पानिपतानंतर झाली. १७६१ सालीं भाऊसाहेब पडले. त्यांचा शिरविरहित देह पाठीवरील जुन्या वणासारख्या खुणांवरून ओळखिला गेल्याची हकीकत शुजाउद्दौल्याच्या पदरचा काशीराज पंडित देतो. खूण होती, ओळखणारे होते, अंत्यविधीहि झाला. पण ज्यांनीं ओळखावयास हवें होतें तीं घरचीं माणसें तेथें नव्हतीं. पुढें तोतया उभा राहिला तो त्याच फटींतून. त्यास रत्नागिरीकडे कैदेंत ठेविलें होतें. १७७६ सालीं तो सुटला, कोंकणांतील किल्ले त्याच्या हातीं गेले, आणि आंग्र्यांनीं धरून दिल्यावर त्याच सालीं पुण्यास त्याचा वध झाला. पार्वतीबाईंची आशा शेवटपर्यंत सुटली नाहीं, असें सांगतात. या प्रकरणाचें राजकारण पुष्कळांनीं लिहिलें आहे. आम्हांस त्यांत एवढेंच पाहावयाचें आहे, कीं ओळखणाराच्या मनांत इच्छा शिरली म्हणजे वण आणि तीळ तिला हवें तें सांगूं लागतात.

आमच्या प्रांतीं परत येऊं. चंद्रपूरच्या परकोटास जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा व बिनबा असे दरवाजे आहेत, आणि हत्तीस दाबून उभा असलेला सिंह हें गोंड राजांचें चिन्ह म्हणून तेथें कोरलेलें सर्वांस दाखविण्यांत येतें. तें खरेंहि आहे. परंतु हत्तीवर सिंह दिसला कीं गोंडांचें काम, असें जे कित्येक हौशी लेखक म्हणतात, त्यांनीं गाविलगडचा दरवाजा एकदां पाहावा. तेथेंहि सिंह आहेत आणि त्यांच्या पायांखालीं हत्ती आहेत. तो किल्ला मात्र बहमनी व इमादशाही अमलांतला. चिन्ह एक, घराणीं भिन्न.

गोंड लोकांची आपसांत ओळखण्याची रीत याहून अगदीं निराळी आहे, आणि आमच्या मतें ती फार शहाणपणाची आहे. परका गोंड भेटला म्हणजे त्याचे देव किती हें पाहतात: चार, पांच, सहा कीं सात. ज्यांची देवसंख्या एक ते भाऊभाऊ, त्यांच्यांत सोयरीक होत नाहीं. येथेंहि ओळख आंकड्यानेंच होते, पण हा आंकडा माणसास इतरांपासून तोडीत नाहीं. कोणाशीं कोणतें नातें लागतें तें सांगतो. मगरध्वजाच्या सातशेंस असा सांगणारा कोणी उरला नाहीं.

सरकारी याद्यांची ओळख तिसऱ्याच प्रकारची. राज्यघटनेनंतर अनुसूचित जमातींची जी यादी झाली, तींत जुन्या मध्यप्रांताच्या चांदा जिल्ह्यापैकीं गडचिरोली व सिरोंचा या दोनच तहसिलींचीं नांवें होतीं. १९७६ च्या कायद्यानें हें क्षेत्रबंधन उठेपर्यंत चांदा, वरोरा व ब्रह्मपुरी या तहसिलींतला गोंड हा यादीपुरता गोंड नव्हता. पूर्वेकडे राहिलेला त्याचा सख्खा भाऊ मात्र होता. देव दोघांचे तेवढेच. माना समाजाचा प्रश्न तर याहूनहि लांबला. ते गोंडांची पोटशाखा कीं स्वतंत्र जमात, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००६ सालीं तो स्वतंत्र जमातीच्या बाजूनें निकालांत निघाला.

येथें शाळामास्तराचा संबंध येतो, म्हणून थोडें स्वतःविषयीं सांगणें भाग आहे. जंगलांतील टोल्यांवरून पोर शाळेंत येई, तेव्हां त्याबरोबर बाप येई आणि एक नांव येई. दाखल-खारीज रजिस्टरांत मात्र आडनांव, जात, जन्मतारीख असे रकाने असत. बाप म्हणे, "रोवण्याच्या दिवसांत झाला." आम्ही एक जूनची तारीख घालीत होतों, कारण शाळा-प्रवेशाच्या हिशेबास ती सोयीची, तसें सर्वत्र चालत असे. आडनांव कधीं कुळावरून, कधीं गांवावरून, आणि खरें सांगावयाचें तर कधीं आमच्या कानांस जें ऐकूं आलें त्यावरून पडे. आज त्या मुलांचीं मुलें तेंच आडनांव लावितात. पुराणवस्तूंच्या अभ्यासकांनीं शिलालेखाच्या लेखकास चुकीबद्दल दोष देतांना आपल्याहि हस्ताक्षराची आठवण ठेवावी.

अंगठ्याचा प्रवेश अलीकडचा. बंगालमध्यें विल्यम हर्शेल यानें १८५८ सालीं एका ठेकेदाराच्या करारावर त्याच्या पंजाचा ठसा घेतला, आणि १८९७ सालीं कलकत्त्यास ठशांचें स्वतंत्र दप्तर झालें. येथून नांगर व बांगडी मागें पडून "निशाणी डाव्या हाताचा अंगठा" आली. प्रथमच अशी खूण मिळाली, कीं जी दुसऱ्या कोणाचीच नव्हे. त्याबरोबर बिकलमवाल्याची गरज कमी झाली असें वाटलें. २९ सप्टेंबर २०१० रोजीं नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली गांवीं आधारचे पहिले बारा-आंकडी क्रमांक वांटण्यांत आले, तेव्हां तर डोळ्याची बुबुळेंहि दप्तरीं जमा झालीं. तथापि रोवणी करून व जमीन उकरून ज्यांच्या बोटांच्या रेघा झिजल्या आहेत अशीं माणसें आमच्या भागांत पुष्कळ आहेत, आणि यंत्र त्यांस ओळखीत नाहीं तेव्हां दुकानदार शेजाऱ्यास हांक मारून विचारतो, हा कोण.

आतां ज्या प्रसंगानें हा लेख लिहावयास लाविलें तो सांगतों. जमातीच्या दाव्यांच्या पडताळणींत पूर्वजांच्या जुन्या कागदांस फार महत्त्व आहे. २०११ सालीं सर्वोच्च न्यायालयानें स्वातंत्र्यपूर्व कागदांचें प्रमाण अधिक वजनाचें मानिलें, आणि २०२३ सालीं चालीरीतींवरून केलेली आप्तभाव-परीक्षा ही प्रत्येक प्रकरणांत निर्णायक कसोटी नव्हे असें स्पष्ट केलें. आमचा एक जुना विद्यार्थी आपल्या मुलीच्या प्रमाणपत्राकरितां असे कागद शोधीत आमच्याकडे आला. त्याच्या पणज्याचें नांव ऐकतांच आम्हांस तें परिचयाचें वाटलें. एका कर्जरोख्यावर तें आम्हीं वाचिलें होतें, पुढें वल्द, त्यापुढें जात माना, आणि मध्यें नांगर. आम्हीं वही काढिली. नांगर होता. त्याच्या डावीकडे नांवाचें शेवटलें अक्षर अर्धें, आणि उजवीकडे कातरीची सरळ कड. रोखा बंबांत गेलेल्या कागदांपैकीं होता.

त्यानें वहींतील तो नांगर बराच वेळ पाहिला आणि "माझ्या पणज्याच्या हातचा हाच का?" असें विचारिलें. आम्हीं होय म्हटलें. परंतु आमच्या होय म्हणण्यास पुरावा म्हणून कांहीं किंमत नव्हती, आणि त्या नांगरासारखे आणखी अठरा नांगर त्याच वहींत होते. त्याचें काम पुढें दुसऱ्या एका गांवच्या शाळेंतील रजिस्टराच्या नोंदीवरून झालें. ती नोंद स्वातंत्र्यापूर्वींच्या कोणा मास्तरानें गिचमिड अक्षरांत, पण पूर्ण, केलेली होती.

तेव्हांपासून आम्ही आपल्या संग्रहाची यादी पुन्हा करीत आहोंत. निशाणीचा किंवा शिक्क्याचा उल्लेख करतांना तिच्या डाव्या-उजव्या बाजूचीं अक्षरें, वल्द, जात, मौजा, बिकलम लिहिणाराचें नांव, साक्षीदार व त्यांचा क्रम, हीं सर्व एकाच नोंदींत घेतों. कागद कोणाच्या घरून आला व तो कोणत्या कागदांबरोबर बांधलेला होता, तेंहि लिहितों. रुमालाची मूळ गांठ सोडण्यापूर्वीं कागदांचा क्रम टिपून ठेवितों, कारण पुष्कळदां एका कागदांतील अनोळखी बिकलमवाला शेजारच्या कागदांत बापाच्या नांवासह सांपडतो. ज्या सभासदांजवळ निशाण्यांच्या, मोर्तबांच्या किंवा सह्यांच्या कापलेल्या चिठ्ठ्या असतील, त्यांनीं त्या टाकून न देतां कागदाचा रंग, वीण व कातरीची कड पाहून मूळ कागदांशीं जुळवून पाहाव्या, अशी विनंति आहे. आमच्या त्रेचाळीसांपैकीं आजवर अकरा जुळल्या. त्यांत बांगड्या दोन आहेत, वांकस एक, आणि बाकी नांगर.